छातीवरची ‘वरवरची’ जखम: ती ओळखावी कशी, सांधावी कशी आणि तिचा कोड लावावा कसा

होळी आटोपली की नागपुरात गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पत्र्याची टाकी घासायची, आतून रंग मारायचा, जुनी खस काढून नवी भरायची आणि मग दोघांनी मिळून तो अवजड डबा खिडकीच्या स्टँडवर चढवायचा. चढवताना एक जण कूलरला अक्षरशः मिठी मारतो. पत्र्याची कड छातीला टेकलेली असते. जरा पाय सरकला की ती कड बनियन फाडून कातडीत शिरते.

कॅज्युअल्टीच्या ड्रेसिंग रूममध्ये मी अकरा वर्षं काढली. मार्च लागला की असे लोक यायचेच. त्यातले सक्करदऱ्याचे एक काका मला अजून आठवतात. उजव्या हाताने दुपट्टा छातीवर दाबून धरलेला, आणि टेबलावर बसायच्या आधीच सुरुवात: “काही नाही जी सिस्टर, वरवरचं आहे. दोन टाके मारा न, ऑफिसला जायचं आहे.”

‘वरवरचं’ या शब्दाबद्दलच मला लिहायचं आहे. आता मी ड्रेसिंग रूममध्ये नाही, मेडिकल कोडिंगच्या फायली तपासते, म्हणजे नोंदींसाठी आणि विम्याच्या दाव्यांसाठी प्रत्येक इजेला आणि उपचाराला लावलेला ठरावीक कोड बरोबर आहे का ते बघते. पण हा शब्द दोन्हीकडे सारखाच फसवतो. ड्रेसिंग रूममध्ये तो तपासणीआधीच उच्चारला जातो आणि धोका झाकतो. कोडिंगच्या टेबलावर तो डॉक्टरांच्या नोंदीतून येतो आणि चुकीच्या रकान्यात नेऊन बसवतो. जखम वरवरची आहे हे तपासून झाल्यावर म्हणायचं असतं, आधी नाही. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिते: घर, दवाखाना, नोंद आणि कोड.

छातीच्या भिंतीत काय काय असतं

वरून आत जाताना आधी कातडी, मग चरबीचा पिवळा थर, मग स्नायूवरचं चकचकीत पांढरं आवरण, मग स्नायू. पुढच्या बाजूला हा स्नायू जाड असतो. त्याखाली बरगड्या आणि बरगड्यांमधले पातळ स्नायू. त्यांच्या आत फुप्फुसाचं आवरण, म्हणजे प्लुरा. हडकुळ्या माणसात कातडीपासून प्लुरापर्यंतचं अंतर दोन-तीन सेंटिमीटरच भरतं, बगलेकडच्या बाजूला त्याहूनही कमी. भाजी चिरायच्या सुरीचं अर्धं पातं त्याला पुरतं.

जखमेचा तळ पांढऱ्या आवरणाच्या वरच राहिला, म्हणजे फक्त कातडी आणि चरबी कापली गेली, तर जखम खऱ्या अर्थाने वरवरची. स्नायू कापला गेला पण बरगडीच्या आत काही गेलं नाही, तर जखम खोल आहे, तरीही छातीच्या भिंतीपुरतीच. प्लुरा फाटला की प्रकरणच वेगळं.

दोन जागा मला कायम धास्तीच्या वाटतात. पहिली, दोन्ही हासळीच्या हाडांपासून खाली बरगड्यांच्या कडेपर्यंत आणि आडवी दोन्ही स्तनाग्रांच्या दरम्यानची चौकट. तिच्यामागे हृदय आहे. मधल्या सपाट हाडाच्या कडेपासून साधारण एका सेंटिमीटरवर छातीच्या आतून एक धमनी खाली उतरते, तीही याच चौकटीत. दुसरी जागा स्तनाग्रांच्या रेषेखालची. श्वास सोडला की पडदा, म्हणजे डायफ्रॅम, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीपर्यंत वर येतो. तिथे टोक शिरलं तर छाती चुकवून ते यकृतात किंवा प्लीहेत जाऊ शकतं. या दोन जागी टोकदार वस्तूची अगदी छोटी जखम असली तरी घरी थांबू नका.

घरची पहिली दहा मिनिटं

माणसाला बसवा, पाठीला टेकू द्या. आडवं झोपवल्यावर दम लागत असेल तर त्याला बसूनच राहू द्या. नुकताच धुतलेला सुती दुपट्टा किंवा जाळीची पट्टी घडी करून जखमेवर ठेवा आणि तळहाताने दाबा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही, कारण उचललं की नुकतीच धरलेली गुठळी सुटते आणि दहा मिनिटं पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात. सुटा कापूस थेट जखमेवर ठेवू नका. त्याचे तंतू आत चिकटतात आणि मग आम्हाला ते चिमट्याने एकेक करून वेचावे लागतात.

काही रुतून बसलं असेल, काच असो की तार, तर ते उपसू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून ते हलणार नाही असं बांधा आणि तसंच न्या.

हळद, चुना, कॉफी पूड, टूथपेस्ट, तंबाखू यातलं काहीही जखमेत भरू नका. हळदीवर आपला जीव आहे, मलाही आहे. पण जखमेत भरलेली हळद रक्तात कालवून घट्ट लगदा होते आणि डॉक्टरांना तळ दिसत नाही. तळ दिसला नाही तर वरवरची की आतली हे कळणार कसं?

रक्त थांबलं आणि जखम नुसती खरचटलेली किंवा कागदाने कापावी तशी असेल, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. पिण्यायोग्य वाहतं पाणी जखम धुवायला सलाईनइतकंच चालतं. साबण आजूबाजूच्या कातडीला लावा. डेटॉल, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेच्या आत ओतू नका. आग होते म्हणजे जंतू मरतात असं नाही; त्यांनी आपल्याच जिवंत पेशींना इजा होते.

पुढीलपैकी एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा किंवा थेट मोठं रुग्णालय गाठा: दम लागणं, श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे किंवा फुसफुस आवाज, खोकल्यातून रक्त, जखमेभोवतीची कातडी फुगणं, ओठ काळपट पडणं, अंग गार आणि घामेजलेलं होणं, दाबूनही रक्त न थांबणं. बुडबुडे येणाऱ्या जखमेवर प्लास्टिक लावून ती चारही बाजूंनी बंद करू नका. आतली हवा कोंडली तर फुप्फुस दाबलं जातं आणि माणूस काही मिनिटांत ढासळतो. अशी जखम उघडी ठेवा किंवा वर सैल, कोरडी जाळीची पट्टी ठेवा.

नागपूरकरांना मेडिकल, मेयो आणि मिहानकडचं एम्स ही मोठी सरकारी रुग्णालयं ठाऊक आहेतच. भोसकल्याची केस असेल तर पोलिसांच्या भीतीने लोक गल्लीतल्या दवाखान्यात जातात आणि वेळ घालवतात. आधी जीव वाचवायचा आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. कोणतंही रुग्णालय ‘ही पोलीस केस आहे’ म्हणून तातडीचा उपचार नाकारू शकत नाही. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद रुग्णालय आपल्या पद्धतीने करतं.

एक हमालदादा

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. कळमना मार्केटचे एक हमालदादा आले. पोती ओढायचा लोखंडी हुक निसटून उजव्या छातीत, बगलेच्या जरा पुढे, टोचला होता. जखम पेरूच्या बीएवढी, रक्त जवळजवळ थांबलेलं. ते बोलत होते, हसत होते. मी पुसलं, जाळी ठेवली आणि चिकटपट्टी बोटाने दाबून बसवू लागले. बोटाखाली कुरकुर झाली. पापडाचा चुरा पिशवीत असावा आणि पिशवी दाबावी, तशी. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

नवखी होते, तरी हे साधं नाही एवढं कळलं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावला आणि उजवीकडे हवेचा आवाज कमी आहे म्हणाले. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत फुप्फुसाच्या कडेला काळी पट्टी दिसली. हवा बाहेर काढायला नळी टाकावी लागली. आणखी पाच मिनिटं मला काही जाणवलं नसतं तर ते चिकटपट्टी लावून घरी गेले असते. ती चूक माझ्या नावावर लागता लागता राहिली. तेव्हापासून छातीवरच्या प्रत्येक जखमेच्या चारही बाजूंनी, चार बोटं रुंदीत, मी आधी कातडी दाबून बघते. तोंड लहान आहे म्हणून जखम उथळ समजू नका. कापल्याची जखम लांब दिसते आणि बहुतेकदा उथळ असते. टोचल्याची जखम लहान दिसते आणि खोल असते.

ड्रेसिंग रूममध्ये, एकेक पाऊल

इथून पुढचं काम डॉक्टरांचं आणि प्रशिक्षित सिस्टरांचं आहे. घरी करायचं नाही. तरी रुग्णाला आणि नातेवाइकांना हे माहीत असलं की ते योग्य प्रश्न विचारतात.

आधी जखम नाही, माणूस बघायचा. नाडी, रक्तदाब, मिनिटाला श्वास किती आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन किती. शर्ट, बनियन पूर्ण काढायचं आणि पाठही बघायची. पुढच्या जखमेकडे बघता बघता पाठीवरची दुसरी जखम राहून गेल्याचं मी पाहिलं आहे. छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का, दोन्हीकडे हवा सारखी जाते का, बोटाखाली कुरकुर आहे का, बरगडी दाबल्यावर कळ येते का हे सगळं आधी तपासायचं.

मग कशाने लागलं, कोणत्या दिशेने आणि किती वेळ झाला हे विचारायचं. टोकदार वस्तूने लागलं असेल किंवा तळ दिसत नसेल तर उभ्याने छातीचा एक्स-रे काढायचा आणि सोय असेल तर सोनोग्राफीने प्लुरा आणि हृदयाभोवतीची जागा बघायची. सुरी लागली, पहिला एक्स-रे स्वच्छ आला, तरी तीन ते सहा तासांनी दुसरा काढतात. हवा हळूहळू साठू शकते. “काहून परत एक्स-रे?” असं नातेवाईक चिडून विचारतात. त्याचं उत्तर हे आहे.

तळ डोळ्यांनी बघायचा असतो, पण भूल दिल्यावर, चांगल्या उजेडात आणि कडा हळूच वर उचलून. छातीच्या जखमेत सळई किंवा बोट घालून खोली मोजायची नाही. तिथवर न पोचलेला छेद आपणच प्लुरापर्यंत नेऊ शकतो, धरलेली गुठळी निखळू शकते. स्नायूच्या पलीकडे वाट जाताना दिसली की तिथेच थांबायचं आणि सर्जनना बोलवायचं.

भुलेसाठी साधारणतः लिग्नोकेन वापरतात. अॅड्रिनलिन नसलेल्या लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे ४.५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला २७० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या द्रावणाचे साडेतेरा मिलिलिटर, त्यापुढे नाही. छातीवर सुई तिरपी आणि कातडीलगत चालवतात, सरळ आत खुपसत नाहीत. प्रत्येक वेळी मागे ओढून रक्त येत नाही ना बघतात.

आता धुणं. माझ्या मते टाक्यांपेक्षा हे महत्त्वाचं, आणि घाईत सगळ्यात जास्त कापलं जातं तेही हेच. जखमेच्या प्रत्येक सेंटिमीटरला ५० ते १०० मिलिलिटर पाणी, असा ढोबळ हिशेब. काकांची जखम सहा सेंटिमीटरची होती, म्हणजे अर्ध्या लिटरची सलाईनची अख्खी बाटली. २० मिलिलिटरच्या सिरिंजला १८ नंबरच्या कॅन्युलाचं प्लास्टिकचं टोक लावून जोराने फवारा मारायचा. बाटली उलटी करून नुसती धार धरली तर घाण जागची हलत नाही. काकांच्या जखमेतून आधी गंजाचे तांबूस कण निघाले, मग खसचं एक बारीकसं तूस. निघालं नसतं तर ते टाक्यांखाली राहिलं असतं आणि चौथ्या दिवशी पू झाला असता. छातीवरचे केस अडत असतील तर कात्रीने किंवा क्लिपरने कापायचे, वस्तऱ्याने नाही. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात.

बंद करायचं की नाही, हे जखम किती स्वच्छ आणि किती जुनी आहे यावर ठरतं. स्वच्छ कापल्याची जखम त्याच दिवशी शिवता येते. चिखल-शेण लागलेली किंवा उशिरा आलेली जखम धुऊन उघडी ठेवतात आणि तीन ते पाच दिवसांनी, पू नसेल तर, शिवतात. अगदी उथळ आणि कडा जुळणाऱ्या जखमेला कागदी पट्ट्या किंवा त्वचेचा गोंद पुरतो. बाकीच्यांना धडावर साधारणतः ३-० किंवा ४-० नायलॉन घालतात. चरबीच्या थरात पोकळी राहत असेल तर आतून विरघळणारा धागा घालून मग वरचे टाके.

छातीच्या मधोमध आणि खांद्यावर कातडीला ताण असतो, आणि जाड, उंचावलेला व्रण म्हणजे केलॉइड याच भागात जास्त होतो. घरात कोणाला असे व्रण होत असतील तर टाके घालायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.

धनुर्वाताबद्दल थोडक्यात. आपल्याकडे दर जखमेला ‘टीटी’ मागायची सवय आहे, काही जण तर सहा महिन्यांतून एकदा घेतात. त्याची गरज नसते. पूर्वी पूर्ण डोस झाले असतील तर स्वच्छ, छोट्या जखमेला शेवटच्या डोसला दहा वर्षं उलटल्यावरच बूस्टर लागतो आणि मळलेल्या किंवा टोचल्याच्या जखमेला पाच वर्षं उलटल्यावर. डोस झालेच नसतील किंवा आठवत नसतील आणि जखम मळलेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. सरकारी केंद्रात आता टीटीऐवजी टीडी मिळते, त्यात घटसर्पापासूनही बचाव आहे. साध्या, स्वच्छ, नीट धुतलेल्या जखमेला अँटिबायोटिक लागत नाही. लिहून दिलं नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नका.

उन्हाळ्यातली पट्टी

इथे पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा छातीवरची चिकटपट्टी दुपारपर्यंत सुटते. कातडी कोरडी करून, पट्टीच्या कडेखाली टिंक्चर बेंझॉइनचा पातळ हात फिरवला की ती टिकते. जखमेत मात्र ते जाऊ द्यायचं नाही. पहिले २४ ते ४८ तास पट्टी कोरडी ठेवा. कूलरच्या तोंडाशी झोपून ती दमट करू नका. नंतर साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुऊन टिपून घ्यायला हरकत नाही. घामाने भिजलेली पट्टी बदला, ‘तीन दिवसांनी या सांगितलं होतं’ म्हणून तशीच ठेवू नका. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा. पुढच्या बाजूचे टाके सात ते दहा दिवसांनी आणि पाठीवरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

काही जखमा वेगळ्या

बायका छातीवरची जखम दाखवत नाहीत. स्वयंपाकघरात विळी लागली, तार लागली, तरी पदराखाली फडकं दाबून दोन दिवस घरात बसतात आणि सुजल्यावर येतात. ताई, वेगळा पडदा मागा, सिस्टर सोबत मागा. तो तुमचा हक्क आहे आणि द्यायला कोणी नाही म्हणू नये. बाळ दूध पीत असेल तर ते आधीच सांगा, म्हणजे दुधाच्या नळ्यांची काळजी घेऊनच टाके घेतले जातील.

कुत्रा चावला किंवा ओरबाडलं आणि रक्त आलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात. अशा जखमेला लगेच टाके घालत नाहीत.

संक्रांतीला जुन्या शुक्रवारीत चक्र्या भरल्या जातात, गच्च्यांवरून ‘ओ काट’ घुमतं आणि आमच्याकडे नायलॉन मांजाने कापलेले लोक येऊ लागतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून सापडतो. दुचाकीवरच्या माणसाचा गळा कापतो तसाच तो हासळीच्या हाडाखालची कातडीही रेषेसारखी कापतो. कड स्वच्छ असते, पण वेगामुळे छेद दिसतो त्याहून खोल असतो. तळ बघितल्याशिवाय सोडायचं नाही.

आणि एकाखाली एक अशा बारीक समांतर रेघा दिसल्या, माणूस नजर चुकवत असला, तर सगळ्यांसमोर विचारू नका. पडद्याआड, हळू आवाजात, दोष न देता विचारा. जखम बांधून झाली म्हणजे काम झालं असं नसतं. मनोविकार विभागाशी गाठ घालून द्या. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

नोंद कशी हवी

कोडर जखम बघत नाही, तो शब्द बघतो. ‘छातीवर वरवरची जखम, टाके घातले’ एवढ्या नोंदीवर काहीही करता येत नाही. काकांच्या डॉक्टरांनी लिहिलेली नोंद मला आजही नमुना म्हणून दाखवावीशी वाटते, म्हणून तिचा आशय देते: छातीच्या पुढच्या भिंतीवर उजवीकडे, हासळीच्या हाडाखाली चार सेंटिमीटरवर, तिरका कापल्याचा घाव, लांबी सहा सेंटिमीटर, तळाला चरबी, स्नायूवरचं आवरण अखंड, छातीच्या पोकळीत शिरकाव नाही, धुतल्यावर आत बाहेरचं काही शिल्लक नाही, घरी कूलर उचलताना पत्र्याची कड लागली, अपघाताने, एका थरात नायलॉनचे टाके. सगळं मिळून चार-पाच ओळी. त्यात बाजू, जागा, प्रकार, खोली, बाह्य वस्तू, कारण, हेतू आणि दुरुस्ती, आठही गोष्टी आल्या.

आता कोड

कोड मी इथे देवनागरीत लिहिते. प्रणालीत अक्षरं रोमन आणि अंक इंग्रजी भरायचे.

भारतातल्या नोंदींसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१०, म्हणजे आजार आणि इजांच्या कोडांचं पुस्तक, चालतो. त्यात एस२०, एस२१ या छातीच्या इजांच्या गटांनंतर एकच अंक येतो. अमेरिकी क्लेमसाठी, म्हणजे विम्याच्या दाव्यासाठी, त्याचंच अमेरिकी रूप आयसीडी-१०-सीएम लागतं. ते तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि दर ऑक्टोबरला बदलतं, म्हणून उपचाराच्या तारखेला लागू असलेलंच पुस्तक उघडायचं. पुढचं सगळं सीएमबद्दल.

पहिलं वळण हेच सगळ्यात फसवं. पुस्तकात ‘वरवरची इजा’ हा गट एस२० आहे, पण त्यात खरचटणं, मुका मार, फोड, कीटकदंश अशा गोष्टी येतात. कापल्याचा घाव, डॉक्टरांनी त्याला कितीही ‘सुपरफिशियल’ म्हटलं तरी, उघड्या जखमांच्या गटात म्हणजे एस२१ मध्ये जातो. नवे कोडर ‘सुपरफिशियल लॅसरेशन’ वाचतात आणि पहिल्या शब्दावर जाऊन एस२० लावतात. दुसरा शब्द वाचा. कोड घावाचा लावायचा असतो, त्याच्या विशेषणाचा नाही. नुसतं उजव्या पुढच्या भिंतीवर खरचटलं असेल तर एस२०.३११ए. आणि त्याच जागी घावही असेल आणि भोवती खरचटलंही असेल, तर खरचटल्याचा वेगळा कोड लावायचा नाही, मोठी इजा लहानीला पोटात घेते.

दुसरं वळण हद्दीचं. हासळीच्या हाडाच्या वर मान सुरू होते, तिथली उघडी जखम एस११. खांदा एस४१. बगल आणि पाठीवरच्या खांद्याच्या फऱ्याचा भागही पुस्तकाने खांद्याकडे दिला आहे, त्यामुळे फऱ्यावरचा घाव एस२१.२ मध्ये, म्हणजे छातीच्या मागच्या भिंतीत, टाकला तर चूक. दोन फऱ्यांच्या मधला भाग मात्र छातीचा. पोटाची भिंत एस३१. स्तन वेगळा, एस२१.०.

तिसरं, पुढे की मागे आणि पोकळीत शिरकाव आहे की नाही. शिरकाव नसेल तर पुढची भिंत एस२१.१ आणि मागची एस२१.२. शिरकाव असेल तर एस२१.३ आणि एस२१.४. हा एक अंक क्लेमचं वजन बदलतो, म्हणून तो कधीही अंदाजाने भरू नका.

चौथं, पाचव्या स्थानी प्रकार. १ म्हणजे बाह्य वस्तू नसलेला घाव, २ म्हणजे असलेला, ३ आणि ४ तसंच टोचल्याचं, ५ चावा. कुत्र्याचा चावा असेल तर रेबीजच्या संपर्कासाठी झेड२०.३ ही जोडायचा.

पाचवं, बाजू. १ उजवी, २ डावी, ९ अनिर्दिष्ट. बाजू रुग्णाची, बघणाऱ्याची नाही. एस२१.११ मध्ये ‘मधोमध’ असा पर्यायच नाही. छातीच्या मधल्या हाडावरचा घाव असेल तर तो कोणत्या बाजूला जास्त आहे हे डॉक्टरांना विचारा, आणि उत्तर नसेल तरच ९.

शेवटचं अक्षर ए, डी किंवा एस. ए म्हणजे पहिली भेट, असं बहुतेक जण पाठ करतात, आणि तेच चुकतं. ए म्हणजे उपचार चालू आहे. जखम दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी शिवली तरी ए च. भरत आलेली जखम बघायला आला तर डी. जुन्या जखमेचा राहिलेला परिणाम, जसा केलॉइड, त्याला एस, आणि तो परिणाम आधी लिहायचा.

काकांचा कोड झाला एस२१.१११ए. कारणासाठी डब्ल्यू२६.८एक्सएक्सए, म्हणजे इतर धारदार वस्तूशी संपर्क. मधले दोन एक्स जागा भरायला, नाहीतर सातवं अक्षर पाचव्या जागी जाऊन बसतं आणि क्लेम परत येतो. सुरीने अपघात झाला असता तर डब्ल्यू२६.०, काचेने डब्ल्यू२५, दुसऱ्याने सुरी मारली असती तर एक्स९९.१, स्वतःहून केलं असतं तर एक्स७८. हेतूची नोंदच नसेल तर अपघात धरायचा. ‘हेतू ठरवता येत नाही’ हे डॉक्टरांनी स्वतः लिहिलं असेल तरच तो पर्याय घ्यायचा. आपण संशयाने कोणाच्या कागदावर मारहाण किंवा आत्महानी लिहायची नाही.

त्या हमालदादांचं असं झालं असतं: आधी एस२७.०एक्सएक्सए, म्हणजे मार लागून छातीत साठलेली हवा, कारण ती जास्त गंभीर, आणि मग एस२१.३३१ए. दोघांच्या जखमा उजवीकडे, दोन्ही पुढच्या बाजूला, आणि तोंडाच्या मापावरून बघितलं तर काकांची कितीतरी मोठी.

शिवण्याचा सीपीटी कोड, म्हणजे केलेल्या उपचाराचा अमेरिकी कोड, लांबी, थर आणि जागा या तिघांवर ठरतो. धडावर एका थरात शिवलेली जखम २.५ सेंटिमीटरपर्यंत १२००१, २.६ ते ७.५ पर्यंत १२००२, ७.६ ते १२.५ पर्यंत १२००४. काकांना १२००२. आतला थरही शिवला असता तर त्याच लांबीला १२०३२. फार मळलेली जखम एकाच थरात शिवली, पण आधी भरपूर साफ करावी लागली असेल आणि तसं लिहिलं असेल, तरीही मधल्या गटाचा, म्हणजे आतला थर शिवल्यासारखाच, कोड मिळतो. शरीराच्या एकाच गटातल्या भागांवरच्या, एकाच प्रकारे शिवलेल्या जखमांच्या लांबीची बेरीज करतात: छातीवर दोन आणि दंडावर तीन सेंटिमीटर, दोन्ही साध्या, तर पाच सेंटिमीटरचा एकच १२००२. नुसत्या कागदी पट्ट्या लावल्या असतील तर शिवण्याचा कोड नाही, ते तपासणीच्या फीमध्येच धरलं जातं.

नोंद अपुरी असेल तर डॉक्टरांना विचारा, पण उत्तर त्यांच्या तोंडी घालू नका. ‘शिरकाव नव्हता ना?’ असं नाही विचारायचं. मी असं लिहिते: “नोंदीत जखमेची खोली आढळली नाही. तळाला कोणता थर दिसला आणि छातीच्या पोकळीत शिरकाव होता किंवा नव्हता, हे कृपया नमूद करावं.”

काका नवव्या दिवशी टाके काढायला आले. घामाने पट्टीच्या कडा सुटल्या होत्या, पण रेषा कोरडी, फिकट गुलाबी आणि सरळ होती. सात टाके निघाले. टाके काढायचा झेड४८ गटातला कोड इथे लावत नाहीत, इजेसाठी तो चालत नाही. इजेचाच कोड राहतो, शेवटचं अक्षर तेवढं बदलतं: एस२१.१११डी, आणि कारणाला डब्ल्यू२६.८एक्सएक्सडी.